चोवीस तास गरम पाणी

हीट पंप चांगला की साधा विजेचा गिझर चांगला, हे मला आजही माहीत नाही. चार महिने मी या प्रश्नावर झोपलो, याच प्रश्नावर उठलो, दोनदा अर्धी रजा टाकली, एकदा भर कचेरीत रडवेला झालो. तरी माहीत नाही. आता कुणी मला त्यातला अनुभवी माणूस समजून विचारायला आलं, की मी पाण्याचा तांब्या पुढं करतो आणि म्हणतो, "आधी बसा. घाई करू नका. मी केली होती."

सुरुवात माझ्याच जिभेनं केली. जानेवारीतली थंडी होती. नांदेडहून लेकीचा, लुंबिनीचा फोन आला. तिला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा कायदा; तो कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. पण लुंबिनी चाचरत म्हणाली, "बाबा, सासूबाई म्हणून राहिल्या होत्या की इथं विष्णुपुरी धरणाचं पाणी आहे. तिकडं लातूरला नळ आठ-नऊ दिवसांनी येतो. बाळंतिणीला अन् लेकराला पाणी लई लागतं, अन् ते बी गरम. तर मग... इथंच करावं का?"

तिनं विचारलं गोडीनंच. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आई लसूण सोलत बसली होती. माझी आई सरजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही पाय लांब करून, त्यावर उघडं लेकरू घेऊन न्हाऊ घालावं तर सरजाबाईनं, असं आमच्या गल्लीत आणि गावाकडंही म्हणतात. मला तिनंच घातलं, लुंबिनीला तिनंच घातलं. आता लुंबिनीच्या लेकराला घालायचं, एवढ्यासाठी ती गेली दोन वर्षं गुडघ्यांना तेल लावून ठेवत होती. फोनवरचं ऐकून लसणाची पाकळी तिच्या बोटात तशीच राहिली. ती काही बोलली नाही. आई बोलली नाही की आमच्या घरात फार मोठा आवाज होतो.

आणि मी म्हणालो, "सांग विहीणबाईंना, आमच्या घरी चोवीस तास गरम पाणी असतं."

असतं. वर्तमानकाळ. त्या दिवशी आमच्याकडं गरम पाण्याचं एकमेव साधन म्हणजे बादलीत सोडायचा एक रॉड होता. तो लावला की बादलीजवळ एक माणूस राखणीला बसवावा लागे, आणि दर हिवाळ्यात एकदा तो घरच्या कुणाला तरी झिणझिण्या देऊन आपली आठवण ठेवायला लावी.

"असतं?" स्वयंपाकघरातून महामाया, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली. "मला न्हाई दिसलं बाई कधी. कुठं ठेवलंय?"

झालं. शब्द गेला होता. आता पाणी त्याच्या मागं धाडायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांचा फोन आला. आमचे जावई आदर्श विष्णुपुरीला इंजिनीअरिंग शिकले. मुलगा गुणाचा, पण एखादी गोष्ट का चालते हे समजावून सांगितल्याशिवाय ती चालू द्यायची नाही, एवढी एक खोड आहे.

"जयभीम पप्पा. गिझर घेऊ नका. हीट पंप घ्या."

"जयभीम. तो काय असतो?"

"गिझर वीज जाळून पाणी तापवतो. हीट पंप हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. एक भाग वीज दिली की तीन भाग गरमी मिळते."

"हवेतली उष्णता? म्हणजे दुसऱ्याची?"

"हवा सगळ्यांचीच आहे ना पप्पा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी तेरा पानांचा तक्ता पाठवला. डावीकडं गिझर, उजवीकडं हीट पंप, मधे एक उभी रेघ. मी सरकारी कचेरीत अव्वल कारकून. एकतीस वर्षं तक्ते बघतोय. पण तक्त्यातली मधली रेघ आपल्याच छातीवरून गेली की माणूस कसा होतो, ते त्या रात्री कळलं.

आमचे शेजारी वसंतराव निवृत्त विज्ञानशिक्षक. आमच्या-त्यांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे, आणि ती भिंत बांधली तेव्हापासून ते तिच्यावर कोपरं टेकून आहेत. हीट पंपाचं नाव काढताच त्यांनी डोळे मिटले.

"आनंदराज, निसर्गाकडून फुकट काही मिळत नाही. निसर्ग तलाठ्यासारखा आहे. आज सात-बारा हसत देईल, पण पुढं कुठंतरी वसूल करील. तुम्ही मुकाट साधा गिझर घ्या. आमचा बघा, तेवीस वर्षं एकच गिझर."

"आणि बोअरचं पाणी? त्यानं कॉइल खराब होत नाही?"

"कॉइल सहा बदलल्या."

"मग एकच कसा?"

"कॉइल बदलली म्हणून गिझर बदलला असं होत नाही. आपण दात बसवतो, म्हणून काय माणूस दुसरा होतो?" आणि त्यांनी नवी कवळी दाखवत हसून विषय संपवला.

आई उंबऱ्याशी बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "आरं, तुमी दोगं बी ऐका जरा. लेक वैशाखात बाळंत हुनार. वैशाखात..."

"थांब आई," मी म्हणालो, "मुद्द्याचं चाललंय."

आई थांबली. तिनं तोंड फिरवलं आणि स्वतःशीच म्हणायला लागली. तिच्याजवळ प्रत्येक गोष्टीची ओवी असते. जातं जाऊन पन्नास वर्षं झाली, पण घास अजून तिच्या मुठीतून सुटलेला नाही. बोलून उपयोग नाही असं दिसलं की ती दळायला बसते.

"हंड्याला आला कढ, वाफ गेली आभाळाला
इसणाचा तांब्या ठेवा माझ्या लेकीच्या न्हाणाला."

इसण म्हणजे विसण. कढत पाण्यात घालतात ते गार पाणी. आईचं म्हणणं असं, की पाणी तर कुणीही तापवतं, आग लावायला काय अक्कल लागते? त्यात इसण किती घालावं, ही खरी विद्या. आणि ते हातानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं. हात कामानं निबर झालेला असतो, तो खोटं बोलतो. कोपर खोटं बोलत नाही.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणूनच त्या दिवशी ऐकलं नाही.

*

मी गिझर ठरवला. त्यात विचार एवढाच होता, की गिझर समजावून सांगावा लागत नाही. पण एकतीस वर्षांची नोकरी माणसाच्या हाडात मुरते. मनात आलं, आपलं घर वडिलांनी बांधलेलं, मीटर जुनं, मंजूर भार अर्धा किलोवॅट. गिझर दोन किलोवॅटचा. आधी भार वाढवून घ्यावा. आमच्या गल्लीत बत्तीस घरं आहेत, एकतीस घरांत गिझर आहेत, आणि त्यासाठी आजवर अर्ज एकच गेला आहे. तो माझा.

वीज कचेरीतल्या खिडकीत साहेबराव नावाचे गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज आधी सरळ वाचला, मग उलटा धरून वाचला.

"व्यंकटी कोण?"

"माझे वडील. मीटर त्यांच्या नावानं आहे."

"त्यांना घेऊन या."

"ते नाहीत. अकरा वर्षं झाली."

साहेबरावांनी टोपणाचं पेन काढलं आणि माझ्या अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात, तिरप्या अक्षरात, मी स्वतः हजारो वेळा जे लिहीत आलो तेच लिहिलं: त्रुटी. मग मला मान वर करून समजावलं, "साहेब, तुम्ही स्वतः सरकारी कचेरीतले. तुम्हाला काय सांगायचं? मयत इसमाचा भार वाढवता येत नाही."

खरं होतं. मयत इसमाचा भार वाढवता येत नाही, आणि हयात इसमाचा कमी होत नाही. मी खिडकीखालच्या बाकड्यावर बसलो. शेजारी एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "पैलीच येळ का?" मी म्हणालो, "या बाजूनं पैलीच." एकतीस वर्षांत किती माणसं माझ्या खिडकीखाली अशी बसली असतील, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र गरम होतं.

उपाय सोपा होता. मीटरवरचं वडिलांचं नाव कमी करून माझं लावायचं. मृत्यूचा दाखला, वारसाचं शपथपत्र आणि आईचा अंगठा. दाखला होता, शपथपत्र केलं. अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेऊन आईसमोर बसलो.

"कशाचं हाय?"

"वीजबिलावर आबांच्या जागी माझं नाव यायचंय."

आईनं हात पदरात घेतला. उठली, आपली पत्र्याची पेटी उघडली, आणि लुगड्यांच्या खालून एक गठ्ठा काढला. अकरा वर्षांची वीजबिलं. एकावर एक, सुतळीनं बांधलेली. प्रत्येकावर वरच्या कोपऱ्यात छापलेलं: व्यंकटी. तिला अक्षर येत नाही, पण बिल आलं की त्या जागेवरून ती बोट फिरवते, हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं धूळ पुसते.

"तुज्या बापाच्या नावानं दुसरं काय येतंय घरला?" ती म्हणाली. "न्हाई पत्रिका येत, न्हाई पत्र. एवढंच म्हैन्याला न चुकता येतं. ते बी पुसनार तू?"

मी पॅड बंद केला. बोटाला शाई माझ्याच लागली होती. ती तीन दिवस निघाली नाही.

अशा रीतीनं गिझर गेला. हीट पंपाला वीज थोडी लागते. जुन्या भारात, एका वेळी एकच मोठं यंत्र लावलं तर भागतं, असं जावयांनी सांगितलं. पण खरा निकाल महामायेनं दिला. तिनं तेरा पानं चाळली, चष्मा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"गिझरमधे किती पाणी बसतं?"

"पंचवीस लिटर."

"अन् ह्याच्यात?"

"दोनशे. पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की हवेतली उष्णता..."

"हेच घ्या," ती म्हणाली. "दोनशे लिटर जास्तीचं पाणी ठेवायला जागा झाली. तापलं तर तापलं."

लातूरची बाई आहे. तिच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोन प्रकार: पाणी मावणाऱ्या आणि न मावणाऱ्या.

*

फेब्रुवारीत यंत्र नांदेडहून निघालं. आठ दिवसांत येणार होतं. ट्रान्सपोर्टवाल्यानं ते देगलूरला उतरवलं, कारण तिथंही कुणी एक आनंदराज निघाले. त्या आनंदराजांनी आपण मागवलेला फ्रीज समजून तो ठेवून घेतला, आणि तीन आठवडे दार शोधलं. दार सापडेना तेव्हा फोन केला. बोलण्यात माणूस भला वाटला. म्हणाले, "भाऊ, तुमचा फ्रीज लई मजबूत हाय, पन ह्यात वस्तू ठेवायची कुठून?"

मार्चच्या शेवटी यंत्र आमच्या दारात आलं. पुरुषभर उंच, पांढरं, गोल, डोक्यावर जाळीची टोपी. गच्चीवर न्यायचं होतं, पण वडिलांनी बांधलेल्या जिन्याच्या वळणात ते अडकलं. निलंग्याकडचा मिस्त्री चन्नबसप्पा आणि त्याची दोन माणसं दुपारभर त्याला कधी आडवं, कधी तिरकं करत राहिले. वसंतराव भिंतीवरून कोनांची मापं सांगत होते. शेवटी चन्नबसप्पानं घाम पुसला.

"सायेब, ह्ये वर जात न्हाई. ह्येला वर न्यायचं तर घर खाली घ्यायला लागतंय."

मग ते ओसरीत बसवलं, दाराच्या अगदी बाजूला. संध्याकाळी आई शेजारातून आली, अंधुक उजेडात दाराशी कुणीतरी उंच पांढरं उभं दिसलं, आणि तिनं चटकन डोक्यावर पदर घेतला. "कोन पाव्हनं? बसा की," म्हणाली. कळल्यावर स्वतःच हसली, आणि लगेच तिची ओवी झाली:

"पांढरा शुभ्र पाव्हना उभा माझ्या दारी
घोंगडी टाकली तरी बसंना घटकाभरी."

चन्नबसप्पानं एक ताकीद दिली. "ह्यात बोअरचं पानी घालू नका. क्षार धरतंय. नळाचंच घाला." म्हणजे आठ-नऊ दिवसांनी येणारं, चार वाजता उठून भरायचं, सोन्यासारखं नळाचं पाणी. बोअरचं गच्चीवरच्या काळ्या टाकीत, नळाचं अंगणातल्या ड्रममधून पाव्हण्याच्या पोटात, अशी वाटणी झाली.

मग बटण दाबलं. पाव्हणा घरघरला. आणि त्याच्या डोक्यातून वारा आला.

गार वारा! हवेतली उष्णता काढून घेतली की उरते ती हवा गारच असणार, हे जावयांच्या अकराव्या पानावर लिहिलेलंही होतं. पण एप्रिल लागलेला, पारा चाळिशीला टेकलेला, आणि आमच्या ओसरीत बर्फगोळ्याच्या गाडीजवळ उभं राहिल्यासारखं! वसंतराव भिंतीपलीकडून आले ते खुर्ची घेऊनच. पाठोपाठ त्यांच्या सौदामिनीवहिनी वाल निवडायला आल्या. तासाभरात ओसरीत चपला मावेनात.

"मी म्हणत नव्हतो," वसंतराव डोळे मिटून म्हणाले, "हीट पंपच घ्या?"

दोन तासांनी घरघर थांबली. पाणी पंचावन्न अंशांवर पोचलं, यंत्राचं काम संपलं, वारा बंद. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चन्नबसप्पा हिशेबाला थांबला होता, त्यानं अर्ध्या कानडीत खुलासा केला. "सायेब, गरम पानी काढा. गार पानी आत ग्येलं की परत चालू हुतंय. बिसी नीरू जाऊ द्या, मग थंड गाळी येतंय."

म्हणजे गार वारा हवा असेल तर कुणीतरी कढत पाण्यानं आंघोळ केली पाहिजे. एप्रिलमध्ये. लातुरात.

मला वाटलं प्रश्न संपला. पण वसंतराव उठले. शर्टाची बटणं काढत, एखाद्या सत्याग्रहीच्या चेहऱ्यानं म्हणाले, "मी करतो." न्हाणीत गेले. आतून हाय-हुय ऐकू येत राहिलं. बाहेर आले ते उकडलेल्या बटाट्यासारखे लालबुंद, टॉवेल गुंडाळून थेट वाऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, "स्वर्ग."

तीन दिवस हे चाललं. गल्लीतली माणसं पाळीनं गरम पाण्यानं भाजून घ्यायची आणि उरलेली गार वाऱ्यात बसायची. चौथ्या दिवशी महामायेनं ड्रमात वाकून पाहिलं. नळ यायला अजून पाच दिवस होते. ती ओसरीत आली, पाव्हण्याच्या पायाशी वाकली आणि प्लग उपसला. लोकांना काही बोलली नाही, मला बोलली. "पाणी हाय हे. लेकराचं. तुमच्या दोस्तांना वारा पाहिजे असंल तर धरणावर नेऊन बसवा."

"महामाया, चारचौघांत..."

"चारचौघं पाणी सांडून ऱ्हायलेत, मी काय म्हणले का?"

मंडळी उठून गेली. वसंतरावांची खुर्ची मात्र दोन दिवस आशेनं तिथंच होती.

*

लुंबिनी आठव्या महिन्यात आली. मी विहीणबाईंना यंत्राचा फोटो पाठवला होता, शेजारी स्वतः उभा राहून. तेवढ्यावर त्यांनी पाठवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिला मुलगी झाली. काळीभोर जावळ, मुठी घट्ट. चौथ्या दिवशी घरी आणायचं ठरलं, आणि घरचं पहिलं न्हाणं बघायला नांदेडहून विहीणबाई आणि जावई येणार होते.

आदल्या दिवशी मी पाव्हण्याचा प्लग समारंभानं परत लावला. संध्याकाळी सात वाजता गल्लीतल्या सगळ्या कूलरांचा भार एकदम पेलवेना होऊन डीपी मोठ्ठा आवाज करून जळाला. पहाटे नळ आला. महामायेनं यंत्रातलं जुनं पाणी काढून दुपटी, लंगोट धुतले, आणि लेकराला ताजं पाणी म्हणून नवं, गारेगार, दोनशे लिटर भरून ठेवलं. वीज नऊला येणार होती. मग दहाला. मी साहेबरावांना फोन केला. त्यांनी मला ओळखलं. "मयत इसमाच्या मीटरवालेच ना? काम चालू आहे साहेब." अकराला लेक दारात आली. वीज आली नाही.

ओवाळणं झालं. आई न्हाणीत पाट मांडून तयार बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन, पाय लांब करून. विहीणबाईंनी ओसरीतलं यंत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा उजेडाचा आकडा विझलेला होता.

"हेच का हो ते? चोवीस तास गरम पाणी?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं. मी घाम पुसत राहिलो. चार महिने, तेरा पानं, एक त्रुटी, एक देगलूर. आणि लेकीच्या सासूसमोर मी एक पांढरा मुका पाव्हणा दाखवत होतो. लुंबिनी माझ्याकडं बघत होती. लहानपणी सायकल येणार म्हणून सांगितलं आणि आली नाही, तेव्हा अशीच बघत होती. रागानं नाही, मला सांभाळून घेत.

"गॅसवर ठेवते पातेलं," महामाया हळूच म्हणाली.

"बंद कर त्यो गॅस!" न्हाणीतून आईचा आवाज आला. "कशाला जाळून ऱ्हायलीस? हिकडं या सगळे."

आम्ही न्हाणीच्या दारात गेलो. आईनं गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला. घमेल्यात पाणी पडलं आणि न्हाणीच्या फरशीवरून वाफ उठावी तशी धग आली. आईनं कोपर बुडवलं आणि चटका बसून वर घेतलं.

"घ्या विहीणबाई," ती म्हणाली. "चोवीस तास. रात्री बारा वाजता बी असंच ऱ्हातंय. म्या जानेवारीपसनं सांगत हुते, लेक वैशाखात बाळंत हुनार, वैशाखात तापवायची काळजी न्हाई, इसणाचं बघा. तेवढंच म्हनायचं हुतं मला. तर ह्यो म्हनतो थांब, मुद्द्याचं चाललंय."

जावई तक्त्यातलं एखादं पान आठवत असावेत. वसंतराव भिंतीवरून हळूच खाली झाले.

"आता इसण आना," आई म्हणाली. "न्हाई तर लेकरू भाजंल."

तेव्हा कळलं, की घरात गार पाणीच नव्हतं. अंगणातला ड्रम तापलेला. बादल्या तापलेल्या. माठात दोन तांबे होते, पण ते बाळंतिणीच्या पिण्याचे. महामाया माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. आणि मग, खरं सांगतो, विचार करून नाही, नुसतं हरलेल्या माणसाच्या पायांनी मी ओसरीत गेलो. पाव्हण्याचा नळ उघडला.

पहाटेचं पाणी होतं. जाड कातडीच्या त्या यंत्रानं बाहेरची आग आत येऊ दिली नव्हती. बोटं बधिर व्हावीत इतकं गार. मी बादली भरून न्हाणीत नेली. आईनं तांब्या-तांब्यानं घमेल्यात घातलं, कोपर बुडवलं, थांबली. पुन्हा अर्धा तांब्या. पुन्हा कोपर.

"हां," ती म्हणाली.

मग लेकरू तिच्या पायांवर आलं. पहिला तांब्या पडताच त्यानं एक टाहो फोडला, दुसऱ्याला नुसते ओठ काढले, तिसऱ्याला मुठी सोडल्या. आईचा एक हात लेकराच्या मानेखाली, दुसऱ्यात तांब्या. पाण्याच्या धारेखालून तिचा आवाज येत होता:

"सुर्व्यानं तापिलं पानी गच्चीवरल्या टाकीत
आज्यानं इसण आनलं नातीच्या गं न्हाणीत."

आयुष्यात मी पहिल्यांदाच ओवीत आलो. बादली धरून मी तसाच उभा राहिलो.

"यंत्र मात्र छान हाय हं," विहीणबाई घमेल्यात बोट घालून म्हणाल्या. "आमच्या नांदेडला सुद्धा नळाला इतकं गार पाणी न्हाई."

"आई, तांत्रिकदृष्ट्या ते इन्सुलेशनमुळं..." जावई सुरू झाले.

"आदर्श," लुंबिनी म्हणाली, "मुद्द्याचं चाललंय."

वीज दुपारी चारला आली. महामायेनं यंत्राचा प्लग काढून गुंडाळून वर ठेवला. आता ते तसंच चालतं, म्हणजे चालत नाही. दर नळाला भरतो, आणि रोज अकराला मी एक बादली काढतो. कुणी विचारलं तर सांगतो, आमच्याकडं हीट पंप आहे, अतिशय समाधानकारक.

परवा संध्याकाळी वीजबिल आलं. आईनं ते घेतलं, कोपऱ्यातल्या नावावरून बोट फिरवलं, आणि मांडीवरच्या नातीच्या पोरीला दाखवलं.

"बघ, तुज्या पणज्याचं पत्र आलंय." मग माझ्याकडं वळून, "वाच की. काय लिवलंय त्येंनी?"

मी चष्मा लावला. बघावं तिकडं आकडे होते. एका ओळीवर नजर थांबली.

"लिहिलंय," मी म्हणालो, "मंजूर भार, अर्धा किलोवॅट."

"मंजूर म्हनतात गं," आई लेकराच्या कानात म्हणाली, आणि कागदाची घडी घालून पेटीकडं निघाली.